व्हेल पासचा एकच रस्ता: स्नोमोबाइलवाले, स्कीवाले आणि ५५ हजार एकरांचं सरकारी जंगल

जानेवारीतला शनिवार, सकाळचे साडेसात, गाडी बाहेरचं तापमान उणे १७ दाखवतेय आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या व्हेल पासचं पार्किंग अर्ध्याच्या वर भरलेलं. डावीकडे लांबलचक ट्रेलर लागलेत, त्यावरून स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची बाइक) खाली उतरवायचं काम चाललंय, एकेक मशीन दोनशे किलोच्या वरचं. दोरी खेचली की आधी खोकला काढल्यासारखा आवाज, मग एकदम कर्कश्श, आणि मागून निळसर धूर. या मशीनमध्ये बहुतेक टू-स्ट्रोक इंजिन असतं, ते पेट्रोलसोबत ऑइलही जाळतं. लहानपणी नाशिकला बाबा सकाळी चेतक तिरकी करून किक मारायचे तेव्हा अंगणात जो वास पसरायचा ना, अगदी तोच वास. फक्त इथे हवा गार आणि पडलेली, वारा नाही, त्यामुळे तो वास हलतच नाही, जमिनीलगत बसून राहतो.

उजवीकडे दुसरीच मंडळी. कोणी स्कीच्या खाली स्किन चिकटवतंय (चढताना स्की मागे घसरू नये म्हणून लावायची केसाळ पट्टी असते), कोणी स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) बांधतंय, कोणी एकमेकांचे बीकन (हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायचं यंत्र) चालू आहेत का ते तपासतंय. आवाज फक्त चेन ओढल्याचा आणि बुटांखाली बर्फ करकरल्याचा. आम्ही या बाजूचे, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. पण फीच्या टपरीपाशी दोन्ही बाजूंची माणसं एकाच रांगेत उभी राहतात आणि तिथून पुढे निघणारा मुख्य रस्ताही दोघांना एकच. स्नोमोबाइलवाले आणि स्की-स्नोशूवाले यांच्यातल्या जुन्या भांडणातलं सगळं दुखणं मला त्या एका रस्त्यात दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. आम्ही श्राइन पास रोडने निघालो, बर्फ दाबून सपाट केलेला रुंद रस्ता, स्नोशू घालून चालायला सोपा. अर्धा तास झाला असेल, मागून आवाज आला, आम्ही कडेला झालो, तीन मशीन गेली, पहिल्या दोघांनी वेग अगदी कमी केला, एकाने हात वर करून बोटांनी मागे अजून किती येतायत ते दाखवलं, हा त्यांच्यातला शिष्टाचार आहे आणि चांगला आहे. तिसऱ्याने वेग कमी केलाच नाही. लेकीच्या अगदी जवळून गेला, पट्ट्याने उडवलेला बर्फ तिच्या तोंडावर, ती कडेच्या भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतली आणि घाबरून रडायला लागली. दुखापत काही नाही. पण पुढचे दोन तास ती प्रत्येक आवाजाला मान वळवून बघत होती. आणि तो माणूस? त्याच्या लक्षातही आलं नसेल. हेल्मेटच्या आत, इंजिनच्या आवाजात, त्याच्यासाठी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असलेले तीन रंगीत जॅकेट. त्याची सकाळ मस्तच गेली असणार.

हाच एकतर्फीपणा या विषयाच्या मुळाशी आहे. १९८२ साली कॅनडात अल्बर्टामध्ये क्रॉस-कंट्री स्कीवाले आणि स्नोमोबाइलवाले यांच्यावर एक अभ्यास झाला होता, त्यातही हेच निघालं की स्कीवाल्यांना स्नोमोबाइलचा त्रास होतो, पण स्नोमोबाइलवाल्यांना स्कीवाल्यांचा फारसा होत नाही. त्यामुळे एका बाजूला वाटतं मोठा प्रश्न आहे आणि दुसऱ्या बाजूला खरंच, मनापासून वाटतं की प्रश्न काय आहे? दोघंही खोटं बोलत नाहीयेत. हे नीट कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

जागा कशी आहे

व्हेल पास ही डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गावरची खिंड, उंची १०,६६२ फूट, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. महामार्ग इथून १९७८ मध्ये पूर्ण झाला आणि तेव्हापासून डेन्व्हरकरांना ही जागा दीड-पावणेदोन तासांवर आली. एक एक्झिट, नंबर १९०, तिथे विश्रांतीची जागा आणि पार्किंग. बाजूचं सगळं जंगल व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये येतं. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यात आपल्याकडच्या लोकांचा नेहमी घोळ होतो. पार्क म्हणजे जपायचं आणि बघायचं, फॉरेस्ट म्हणजे जपायचं पण वापरायचंही, लाकूड, चराई, पाणी, शिकार, खेळ, सगळं एकाच जमिनीवर. ते कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतं. व्हाइट रिव्हरमध्ये व्हेल, ब्रेकनरिज, अ‍ॅस्पेन धरून ११ स्की रिसॉर्ट आहेत आणि देशात सगळ्यात जास्त लोक जिथे जातात ते नॅशनल फॉरेस्ट म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे गर्दी हा इथला कायमचाच विषय.

त्यातला खिंडीभोवतीचा साधारण ५५ हजार एकरांचा तुकडा, म्हणजे २२० चौरस किलोमीटरच्या आसपास, ‘व्हेल पास विंटर रिक्रिएशन एरिया’ म्हणून वेगळा चालवला जातो. मुख्य वाट श्राइन पास रोड. उन्हाळ्यात ती कच्च्या रस्त्याची आहे, हिवाळ्यात बर्फाची, खिंडीतून निघते, ११,०८९ फुटांवरच्या श्राइन पासवर चढते आणि पलीकडे रेड क्लिफ नावाच्या जुन्या खाणगावात उतरते, सगळं मिळून १७-१८ किलोमीटर. वरून माउंट ऑफ द होली क्रॉस दिसतो, ज्याच्या कड्यावर बर्फाचा क्रूस उमटतो, एके काळी लोक तो बघायला यात्रेला यायचे, त्यावरूनच श्राइन हे नाव. खिंडीपासून चार-साडेचार किलोमीटरवर श्राइन माउंटन इनची लाकडी घरं आहेत, आणखी आत गेलं की टेन्थ माउंटन डिव्हिजन हट असोसिएशनच्या झोपड्या, जिथे स्की करत जायचं, चूल पेटवायची, बर्फ वितळवून पाणी करायचं आणि रात्र काढायची.

टेन्थ माउंटन डिव्हिजन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली डोंगरी फौज. खिंडीच्या दक्षिणेला कॅम्प हेल आहे, तिथे १९४२ पासून या सैनिकांना स्कीवर लढायला शिकवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडेन यांनी त्या जागेला राष्ट्रीय स्मारक केलं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: त्याच कॅम्पमध्ये सैनिक पाठीवर ओझं घेऊन स्कीवर चालत होते आणि त्यांच्याच शेजारी सैन्याची वीझल नावाची पट्ट्यावर चालणारी बर्फगाडीही धावत होती. म्हणजे या डोंगरात माणसाचे पाय आणि इंजिन एकाच काळात आलेत. ‘आम्ही आधी, तुम्ही नंतर’ हा वाद इथे कोणालाच लावून धरता येत नाही.

कायदा थोडक्यात

१९७२ मध्ये निक्सन यांनी कार्यकारी आदेश काढला, क्रमांक ११६४४. सरकारी जमिनीवर रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्या कुठे जाऊ शकतील ते ठरवा, आणि ठरवताना माती, झाडं, वन्यजीव यांचं नुकसान आणि इतर लोकांशी होणारे संघर्ष कमीत कमी होतील असं बघा. स्नोमोबाइलही त्यात होत्या. १९७७ मध्ये कार्टर यांनी तो आणखी कडक केला. पण २००५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने गाड्यांसाठी नवी नियमावली केली तेव्हा उन्हाळी गाड्यांना नकाशा सक्तीचा केला आणि स्नोमोबाइलचं मात्र प्रत्येक जंगलाच्या मर्जीवर सोडलं. विंटर वाइल्डलँड्स अलायन्स ही स्कीवाल्यांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली, आणि मार्च २०१३ मध्ये आयडाहोच्या फेडरल कोर्टाने सांगितलं की अशी सूट देता येणार नाही, आदेश स्नोमोबाइललाही लागू आहे. मग जानेवारी २०१५ मध्ये नवा नियम आला: जिथे पुरेसा बर्फ पडतो त्या प्रत्येक जंगलाने स्नोमोबाइल कुठल्या रस्त्यांवर, वाटांवर आणि भागांत चालतील ते नकाशावर दाखवायचं. नकाशात दाखवलेलं नाही म्हणजे बंद. आधी उलटं होतं, बंदची पाटी नाही म्हणजे उघडं.

व्हेल पासचं वेगळेपण असं की इथे लोक कोर्टाची वाट बघत बसले नाहीत.

मशीन बदललं आणि भांडण सुरू झालं

सुरुवातीच्या काळातली स्नोमोबाइल जड आणि लहान पट्ट्याची, दाबलेल्या रस्त्यावर चालायची, खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, गेली की रुतायची. त्यामुळे आपोआप वाटणी व्हायची, मशीन रस्त्यावर आणि स्कीवाले उतारांवर. मग पट्टे लांब झाले, पट्ट्यावरच्या रबरी फळ्या उंच झाल्या, इंजिनं ताकदवान आणि हलकी झाली, आणि ज्या उतारावर चढायला स्कीवाल्याला दोन तास लागायचे तिथे मशीन काही मिनिटांत पोचायला लागलं. त्याच सुमारास डेन्व्हरची लोकसंख्या वाढली, स्कीची साधनं हलकी झाली, रिसॉर्टची तिकिटं महागली आणि रिसॉर्टबाहेर जाणारे लोकही वाढले. दोन्ही गट एकाच वेळी एकाच उताराकडे निघाले.

ज्यांनी ताजी पावडर बघितली नाही त्यांना हे भांडण पोरकट वाटू शकतं, म्हणून सांगते. रात्री बर्फ पडतो, सकाळी उतार कोरा असतो. स्कीवाला दोन-तीन तास घाम गाळून चढतो आणि त्याला खाली यायला पाच-दहा मिनिटं मिळतात, त्या पाच-दहा मिनिटांसाठी सगळा दिवस. चार मशीननी तासाभरात तोच उतार आडवा-उभा नांगरून टाकला तर त्याचा दिवस गेला. मशीनवाला पुढच्या डोंगरावर जाऊ शकतो, त्याच्या टाकीत पेट्रोल आहे. स्कीवाला जाऊ शकत नाही, त्याच्याकडे फक्त मांड्या आहेत. पोच किती लांबची आहे हा खरा फरक, नुसता आवाजाचा नाही.

बसून काढलेला तोडगा

नव्वदच्या दशकात भांडणं वाढली तेव्हा स्थानिक स्नोमोबाइल क्लबवाले, स्कीवाले, हटवाले, टूर चालवणारे धंदेवाले आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांचा एक गट तयार झाला, व्हेल पास टास्क फोर्स. नकाशा टेबलावर पसरून त्यांनी वाटणी केली. काही भाग फक्त पायी आणि स्कीवाल्यांचा. काही भाग मशीनला पूर्ण मोकळा. काही भागात मशीन फक्त आखलेल्या वाटेवर चालेल, वाट सोडून नाही. आणि एक प्रकार इथला खास, त्याला हायब्रिड म्हणतात: आखलेल्या वाटेने मशीनवर बसून वर जायचं आणि उतारावरून स्की किंवा स्नोबोर्डने खाली यायचं, एक जण खाली थांबून मशीन फिरवून परत वर आणतो, मग पाळी बदलायची. व्हेल पासवर असे लोक खूप आहेत, आणि या लोकांमुळे ‘मोटरवाले विरुद्ध बिनमोटरवाले’ ही साधी मांडणी कोसळते, कारण तोच माणूस सकाळी धूर करणारा असतो आणि अर्ध्या तासाने पावडर शोधणारा.

दुसरा निर्णय फीचा, आणि मला तो नकाशाइतकाच मोलाचा वाटतो. फी सगळ्यांना, मशीन असो वा स्नोशू. अमेरिकेत १९९६ ला प्रायोगिक योजना आली आणि २००४ ला स्वतंत्र कायदा झाला ज्याने अशी फी गोळा करून त्यातले निदान ८० टक्के पैसे त्याच जागेवर खर्च करता येतात, नाहीतर ते वॉशिंग्टनच्या तिजोरीत जाऊन बसले असते. त्यामुळे इथे टपरीत माणूस असतो, पाट्या असतात, संडास असतात, बर्फावर फिरणारा रेंजर असतो. नियम कितीही चांगला असू दे, त्याच्या मागे कोणीतरी जाकीट घालून उभं लागतं. ओसाड जंगलात कागदावर केलेले झोन आणि व्हेल पासचे झोन यातला फरक तोच आहे.

स्कीवाल्यांच्या बाजूने बोलताना एक गोष्ट सहसा राहून जाते, ती मी स्वतः एका स्नोमोबाइलवाल्याकडून ऐकली. साठीचा माणूस, पार्किंगमध्ये माझ्या लेकीला गरम चॉकलेट देत होता. म्हणाला, तुम्ही ज्या सपाट रस्त्यावर चालता तो रात्री मशीनने दाबून सपाट करावा लागतो, नाहीतर तिथे गुडघाभर बर्फ आणि उंचवटेच असतील, आणि ते काम कोलोरॅडोमध्ये मोठ्या प्रमाणात आमच्या रजिस्ट्रेशन फीतून चालतं. मी घरी येऊन शोधलं तर राज्यात खरंच स्नोमोबाइलच्या नोंदणीचे पैसे ग्रूमिंगच्या, म्हणजे बर्फाचे रस्ते दाबून सपाट करण्याच्या, कामाला जातात आणि क्लब ती कामं करतात. शिवाय कोणी आत अडकलं, पाय मोडला, तर बचाव पथकं स्नोमोबाइलवरूनच पोचतात. तेव्हा ‘मशीन बंद करा’ म्हणणं मला आता जमत नाही. ज्या रस्त्यावर आम्ही चालतो तो त्यांच्यामुळे आहे.

मग झोन करून भांडण मिटलं का?

इथे या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या संशोधन केंद्राने आणि विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न विचारला, झोनिंगमुळे संघर्ष कमी होतो का, आणि २०१७ मध्ये त्याचा पेपर छापून आला. पद्धत साधी पण चिकाटीची: पार्किंगमध्ये लोकांना छोटे जीपीएस द्यायचे, दिवसभर खिशात ठेवा आणि संध्याकाळी परत करा. असे १२ लाख ३३ हजारांच्या वर बिंदू जमा झाले. ते नकाशावर टाकले आणि बघितलं की दोन्ही गट एकाच ठिकाणी कुठे येतात.

उत्तर आलं ०.७ टक्के. ५५ हजार एकरांत ढोबळमानाने ३८५ एकर! बाकी सगळीकडे माणसं आपापल्या भागात होती, म्हणजे नकाशा लोकांनी पाळला होता, टास्क फोर्सचं काम फुकट गेलं नव्हतं. पण त्या ०.७ टक्के जागेत स्कीवाल्यांचा १४.८ टक्के आणि मशीनवाल्यांचा तब्बल ४९.१ टक्के वावर होता. आणि ती जागा कुठली, तर प्रामुख्याने ग्रूम केलेले रस्ते. मग १९९ बिनमोटरवाल्यांना प्रश्न विचारले, तर जे या मिश्र पट्ट्यातून गेले होते त्यांनी संघर्षाच्या पाचही मापांवर जास्त त्रास सांगितला आणि जे त्याबाहेर होते त्यांनी कमी.

हे वाचल्यावर मला आमचा तो शनिवार वेगळाच दिसायला लागला. लेक जिथे रुतली ती जागा त्या ३८५ एकरांतलीच असणार. आम्ही संध्याकाळी गाडीत बसून म्हणत होतो की व्हेल पासला जाण्यात अर्थ नाही, सगळं मशीनवाल्यांचं झालंय, आणि खरं तर आम्ही व्हेल पास बघितलाच नव्हता, आम्ही पार्किंगपासूनचा रस्ता बघितला होता. नवशिके, लहान मुलं असलेले, स्नोशूवाले, हे सगळे रस्ता सोडून फार आत जात नाहीत, जाऊही नये कारण आत हिमस्खलनाचा धोका असतो. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते तेच लोक सगळ्यात जास्त वेळ सगळ्यात मिश्र जागेत असतात. तरबेज स्कीवाला वीस मिनिटांत त्या पट्ट्यातून बाहेर पडतो.

राजमाचीला लोणावळ्याकडून चालत गेलेल्यांना हे लगेच पटेल. जंगल केवढं मोठं, पण बाइक आणि जीप आणि चालणारे सगळे त्याच एका मातीच्या रस्त्यावर, आणि धूळ कोणाच्या तोंडात जाते ते सांगायला नको.

तुलनेला कोलोरॅडोतलीच दुसरी खिंड बघा, स्टीमबोट स्प्रिंग्जजवळची रॅबिट इअर्स. तिथे पश्चिमेकडचा भाग बिनमोटरवाल्यांना आणि पूर्वेकडचा मोटरवाल्यांना अशी वाटणी आहे, आणि महामार्ग माथ्यावरून लांबवर जात असल्यामुळे पार्किंगच्या जागाही वेगवेगळ्या. माणूस गाडीतून उतरतानाच आपल्या बाजूला उतरतो. व्हेल पासला ते शक्य नाही कारण एक्झिट एक, पार्किंग ते तेवढंच, आणि त्या उंचीवर महामार्गाच्या कडेला नवं पार्किंग करायचं म्हणजे डोंगर कापायचा. भूगोलानेच गळ्याशी फास आवळलाय असं म्हणा ना.

तिसरा पक्ष, जो मीटिंगला येत नाही

कोलोरॅडोतून लिंक्स, म्हणजे कानांवर काळे झुबके असलेलं मोठ्या पंजांचं रानमांजर, नाहीसं झालं होतं. राज्याने १९९९ पासून कॅनडा आणि अलास्कातून आणून २१८ लिंक्स सोडले. २००० मध्ये केंद्राने त्यांना संकटग्रस्तांच्या यादीत घेतलं. व्हेल पासचा परिसर त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर येतो. काळजी अशी होती की लिंक्सचे पंजे बर्फावर तरंगायला बनलेत, खोल बर्फात कोयोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही, पण मशीनने आणि स्कीने बर्फ दाबला की कोयोटीला आयता रस्ता मिळतो आणि लिंक्सच्या हिवाळी सशांवर डल्ला मारता येतो.

लुक्रेशिया ऑल्सन, जॉन स्क्वायर्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी कोलोरॅडोत १८ लिंक्सना जीपीएस पट्टे लावून चार वर्षं माग काढला आणि त्याच वेळी माणसांच्या २,८३९ फेऱ्या नोंदवल्या. २०१८ मध्ये आलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. लिंक्स जंगलात विखुरलेल्या लोकांपासून पळून गेले नाहीत, पण जिथे वर्दळ जास्त, मग ती स्कीची असो की स्नोमोबाइलची, तिथे त्यांची चाल मंदावली आणि ते रात्री जास्त हिंडायला लागले. मोटरवाल्या भागांपासून थोडे लांब राहिले, बिनमोटर वाटांच्या जवळ मात्र सापडले. आणि सगळ्यात जास्त टाळलं ते मोठ्या स्की रिसॉर्टना. म्हणजे ‘आम्ही शांत, आम्ही निसर्गाला त्रास देत नाही’ हे आम्हा पायी लोकांचं म्हणणं पूर्ण खरं नाही. गर्दीची बहुधा एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की प्राण्यांना जागा सोडावी लागते, मग गर्दी कुठल्या प्रकारची हे दुय्यम ठरतं.

मला काय करावंसं वाटतं

आता नवे झोन आखत बसायला नको असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक वेळी दोन्ही संघटना नकाशावरचे एकर मोजतात, हा तुकडा आमचा, तो तुमचा, वकील येतात, वर्षं जातात. आकडे सांगतायत की ९९ टक्क्यांहून जास्त जागेत वाटणी चालतेय. सगळी अक्कल, पैसा आणि रेंजरचा वेळ त्या पहिल्या तीन-चार किलोमीटरवर लावा.

सगळ्यात आधी श्राइन पास रोडच्या बाजूने, झाडांच्या रांगेपलीकडे, चालणाऱ्यांसाठी वेगळी समांतर वाट. रुंद नको, एका स्नोशूवाल्याच्या मागे दुसरा जाईल एवढी, निदान हटच्या फाट्यापर्यंत. पंधरा-वीस मीटर अंतर आणि मध्ये स्प्रूसची झाडं एवढं असलं तरी भीती जाते, आवाज येईल पण मान वळवावी लागणार नाही. जिथे दरी अरुंद आहे आणि दुसरी वाट बसतच नाही, तिथे तेवढ्याच तुकड्यात मशीन चालत्या माणसाच्या वेगाने, आणि त्यावर लक्ष ठेवायला शनिवार-रविवारी सकाळी आठ ते अकरा एक रेंजर. तेव्हाच सगळे एकदम निघतात, दुपारी त्याची तितकी गरज नाही.

इलेक्ट्रिक स्नोमोबाइलने प्रश्न सुटेल असं काही जण म्हणतात. वास जाईल, आवाज बराच कमी होईल, त्याचं मी स्वागतच करेन. पण वेग तोच राहील, उतार तेवढ्याच लवकर नांगरला जाईल, आणि मागून आवाज न करता येणारं दोनशे-अडीचशे किलोचं धूड नऊ वर्षांच्या मुलीसाठी जास्त धोक्याचं आहे. म्हणजे तेव्हा तर वेगळी वाट आणखीच लागेल.

आणि फीच्या टपरीत एक साधी गोष्ट करता येईल. आत्ता नकाशा हातात देतात, त्यात रंगीत झोन असतात, नवख्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी टपरीतल्या माणसाने विचारावं, लहान मुलं आहेत का, आज किती लांब जाणार, आणि त्याप्रमाणे सांगावं की तुम्ही महामार्गाच्या पलीकडे कोरल क्रीककडे जा, तो भाग बिनमोटरचा आहे. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही रुंद रस्ता दिसला म्हणून श्राइन पासला लागलो, सगळे नवखे तसेच लागतात.

मार्चमध्ये आम्ही परत गेलो, या वेळी कोरल क्रीकला. खालच्या सपाट भागातच राहिलो, वर उतार तीव्र होतात आणि त्या दिवशी हिमस्खलनाचा इशारा होता. महामार्गावरच्या ट्रकची घरघर ऐकू येत होती, ती काही जात नाही. लेक पुढे चालत होती. एका ठिकाणी थांबून तिने बर्फावरचे ठसे दाखवले, मोठे मागचे पाय पुढे आणि छोटे पुढचे मागे, ससा होता, ठसे एका फरच्या झाडाखाली जाऊन थांबलेले. ती तिथे बसून बराच वेळ बघत राहिली आणि त्या सबंध वेळात तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.